उपचार कुठवर करायचे?



आजाऱ्यांना भेटायला गेलो की घरचे लोक बहुधा एकच विनंती करतात, "फादर, प्रार्थना करा." गेल्या काही वर्षांत मात्र प्रार्थनेच्या विनंतीबरोबर एक प्रश्नही येऊ लागला आहे. तो आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर हळू आवाजात विचारला जातो. कधी कधी दफनविधी होऊन दोन-तीन महिने उलटल्यावर, घरी चहा पिताना विचारला जातो. "फादर, डॉक्टर म्हणाले होते की रक्तात बुरशी झाली आहे, अजून दोन-तीन आठवडे महागडी इंजेक्शने द्यावी लागतील. आमच्याजवळचे पैसे संपले होते. आम्ही सुट्टी करून बाबांना घरी आणले. आमच्या हातून पाप झाले का?"

हा प्रश्न विचारणारे कोण, हे सांगण्याचे कारण नाही. उद्या तो आपल्यापैकी कोणालाही पडू शकतो, म्हणून आज त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आधी हा आजार काय आहे ते समजून घेऊ. कारण 'रक्तात बुरशी' हे शब्द कानावर पडताच घरचे निम्मे खचतात, आणि खचलेल्या मनाने घेतलेला निर्णय पुढे वर्षानुवर्षे टोचत राहतो.

बुरशी म्हटले की आपल्याला लोणच्यावरचा किंवा ओल्या भिंतीवरचा थर आठवतो. आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तात सापडते ती बहुधा कँडिडा नावाची बुरशी. पाव फुगवणाऱ्या यीस्टची ही लांबची बहीण म्हणा. ती दरवेळी बाहेरूनच येते असे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर ती मुक्कामाला असते आणि काही त्रास देत नाही. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी पांढरा थर दिसतो, तो हिचाच. निरोगी माणसाच्या आतड्यातले असंख्य जीवाणू तिला डोके वर काढू देत नाहीत, कातडी आणि आतड्याचे अस्तर तिला आत शिरू देत नाही, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारा देतात.

आयसीयूत हे तिन्ही बंदोबस्त एकाच वेळी ढिले पडतात. जंतुसंसर्गावर जोरदार अँटिबायोटिक दिले जाते, ते चांगल्या जीवाणूंनाही मारते आणि कँडिडाला मोकळे रान मिळते. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आतड्याची भिंत कुठेतरी उघडी पडलेली असते. मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन घातलेली असते, लघवीची नळी असते, कोणाचे डायलिसिस चालू असते, कोणाला शिरेतून अन्न दिले जाते, कोणाला स्टेरॉइड. यातली एकेक गोष्ट रुग्णाला जगवण्यासाठीच केलेली असते. पण जी नळी औषध आत नेते, तिच्याच आतल्या बाजूला ही बुरशी चिकटून थर धरू शकते आणि तिथून रक्तात उतरत राहते. म्हणून शक्य असेल तेव्हा ती नळी काढून दुसरीकडे नवी घालणे, हा उपचाराचाच एक भाग असतो. 'परत परत का टोचतात' म्हणून घरच्यांनी रागावू नये.

मग लगेच मनात येते, ही चूक कोणाची? कधी खरोखर चूक असते. हात न धुता नळीला हात लावला जातो, नळीची गरज संपली तरी ती तशीच ठेवली जाते. कँडिडा ऑरिस नावाची एक जात आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ती पहिल्यांदा ओळखली गेली आणि २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णालयांतल्या रुग्णांबद्दल पहिला अहवाल आला. ती खाटेच्या कठड्यावर, यंत्रांवर दिवसचे दिवस टिकते, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते आणि नेहमीच्या फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची यादी काढली, तिच्या सर्वात वरच्या गटात ही ठेवली आहे. अशा वेळी स्वच्छतेतला हलगर्जीपणा हा नैतिक प्रश्नच होतो. पण सगळे नियम पाळूनही हा संसर्ग होतो, हेही तितकेच खरे आहे. रात्रंदिवस उभ्या असलेल्या नर्सला चौकशी न करता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्यायच आहे.

आता आकड्यांकडे वळू. चंदीगडच्या पी.जी.आय.चे डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात भारतातल्या २७ आयसीयूंमध्ये पाहणी केली. दर हजार भरती रुग्णांमागे साडेसहाच्या आसपास रुग्णांना आयसीयूत आल्यावर हा आजार झाला, त्यांतल्या साधारण निम्म्यांना पहिल्या आठ दिवसांतच. असे १,४०० रुग्ण त्यांनी नोंदवले. त्यांतले ४४.७ टक्के तीस दिवसांत दगावले. आकडा मोठा आहे. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे आणि तो घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. हे रुग्ण आधीच अतिशय आजारी होते, तेव्हा केवळ बुरशीमुळे झालेले मृत्यू वेगळे काढले तर प्रमाण १९.६ टक्के येते. निम्म्याहून अधिक रुग्ण महिन्यानंतरही जिवंत होते. तेव्हा 'रक्तात बुरशी' म्हणजे 'आता संपले' असा अर्थ घेऊन कोणी रुग्णाला घरी आणत असेल, तर ते घाईचे ठरेल. हा बरा होऊ शकणारा आजार आहे. औषध लवकर सुरू व्हावे लागते, आणि ब्लड कल्चर बुरशीमुक्त आल्यानंतरही साधारण दोन आठवडे ते चालू ठेवावे लागते.

याच दोन आठवड्यांत कुटुंब कोलमडते. आयसीयूचे भाडे, रोजच्या तपासण्या, इंजेक्शने. आपल्याकडचा रुग्ण नागपूरला हलवलेला असतो. रेल्वेने १३० किलोमीटर, घरचा एक माणूस तिकडेच अडकलेला, त्याची मजुरी बुडालेली. धानाच्या दोन बांध्या असतात, त्यांतली एक पहिल्या आठवड्यातच गेलेली असते.

अशा वेळी ख्रिस्तसभा काय सांगते? पुष्कळांची समजूत आहे की आमचा धर्म शेवटच्या श्वासापर्यंत प्रत्येक उपाय करायलाच सांगतो, आणि एखादा उपाय थांबवला की ती हत्या. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चारशे वर्षांहून अधिक काळ चुकीची आहे.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये सालामांका येथे फ्रान्सिस्को दे विटोरिया नावाचे डॉमिनिकन धर्मगुरू शिकवत असत. प्राण राखण्यासाठी माणसाने काय काय करायला हवे, असा प्रश्न त्यांनी घेतला. त्यांचे उदाहरण साधे आहे. समजा वैद्य म्हणाला की कोंबडी आणि तित्तिर खाल्लेस तर तुझे आयुष्य वाढेल, तर ते महागडे अन्न घेण्याचे बंधन आहे का? विटोरिया म्हणाले, नाही. सामान्य माणसे जे खातात, अंडी वगैरे, ते खाऊन तो राहिला तरी त्याने आपल्या जिवाचा अवमान केला असे होत नाही. पुढे १५९५ मध्ये दोमिंगो बान्येस यांनी 'साधारण उपाय' आणि 'असाधारण उपाय' असे शब्द वापरले. साधारण उपाय करण्याचे बंधन आहे, असाधारण उपायांचे नाही. सेमिनरीत हा भेद आम्हाला एका तासात शिकवला होता. आयसीयूच्या दारात तो समजायला जास्त वेळ लागतो.

सतराव्या शतकात कार्डिनल हुआन दे लुगो यांनी आणखी एक उदाहरण दिले. माणूस आगीत सापडला आहे. जवळ पाणी आहे, पण आग विझेल एवढे नाही, थोडा वेळ ढकलता येईल एवढेच. ते पाणी ओतलेच पाहिजे का? आग विझणार असेल तर ओतलेच पाहिजे. विझणारच नसेल, तर ओतण्याचे बंधन नाही.

हे आपल्या प्रश्नाला लावून पाहू. तीस वर्षांची एक आई आहे, अपेंडिक्स फुटल्यामुळे शस्त्रक्रिया झाली, नवव्या दिवशी रक्तात कँडिडा सापडली. मूत्रपिंडे चालू आहेत, हृदय चांगले आहे. तिच्यासाठी बुरशीचे इंजेक्शन हे आग विझवणारे पाणी आहे. ते देण्याचे बंधन आहे, आणि घरच्यांना जमत नसेल तर ते बंधन आपल्या सगळ्यांवर येते. दुसरीकडे ऐंशी वर्षांचे आजोबा आहेत, कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे, पंचेचाळिसावा दिवस, व्हेंटिलेटर, डायलिसिस, आणि आता रक्तात तीच बुरशी. इंजेक्शनही तेच. डॉक्टर सांगतात की बुरशी गेली तरी ते खाटेवरून उठणार नाहीत. इथे तेच औषध असाधारण होते. बाटलीवरचे नाव वाचून उपाय साधारण की असाधारण हे कळत नाही. या माणसाला, या अवस्थेत, त्यातून काय मिळणार आणि त्याला काय सोसावे लागणार, हे पाहावे लागते. नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना पोप बारावे पायस यांनी हेच सांगितले होते: व्यक्ती, स्थळ, काळ यांचा विचार करा, आणि जो उपाय स्वतःवर किंवा दुसऱ्यावर अतिशय जड ओझे टाकतो त्याचे बंधन मानू नका.

'दुसऱ्यावर' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यात घरचे येतात, त्यांचा पैसाही येतो. १९८० मध्ये रोमहून निघालेल्या घोषणापत्रात तर हे स्पष्टच म्हटले आहे की कुटुंबावर किंवा समाजावर अवाजवी खर्च पडू नये म्हणून एखादा उपाय नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. आपल्या पुष्कळ लोकांना हे माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. पैशाचा विचार मनात येणे हे पाप नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेली स्त्री आहे. तिने अनेक वैद्य केले, होते नव्हते ते सारे खर्चून बसली आणि आजार वाढतच गेला. मार्कने तिच्या खर्चाची नोंद ठेवली आहे, हे मला नेहमी विशेष वाटते. आणि चांगला शोमरोनी? त्याने पांथशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि वर काही लागले तर परत येताना देईन म्हणाला. त्याने आपले गाढव विकायला हवे होते, असे प्रभू येशूने म्हटलेले नाही.

इथे विचार करणाऱ्याला एक अडचण दिसेल. धर्मग्रामातल्या एका तरुणानेच ती माझ्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "फादर, म्हणजे श्रीमंतासाठी जे इंजेक्शन साधारण, तेच गरिबासाठी असाधारण. गरिबाचा जीव स्वस्त असा याचा अर्थ झाला ना?"

आक्षेप बरोबर आहे. मला वाटते, इथे दोन खाती वेगळी ठेवायला हवीत. एक खाते त्या कुटुंबाचे. त्यांनी शक्य ते केले, कर्ज काढले, शेत विकले, आणि एका ठिकाणी थांबले. त्यांच्या खात्यात पाप लिहिता येत नाही. ज्या मुलाने बापासाठी बांधी विकली त्याला 'दुसरी का नाही विकलीस' असे परमेश्वर विचारील, यावर माझा विश्वास नाही. दुसरे खाते आपल्या सगळ्यांचे. बऱ्या होऊ शकणाऱ्या तरुण आईचे औषध केवळ पैशापायी थांबले, तर तिथे दोष आहे, आणि तो तिच्या नवऱ्याचा नाही. तो दोष आपल्यात वाटला जातो: सरकारात, रुग्णालयांत, औषध कंपन्यांत, आणि रविवारी मिस्साला बसणाऱ्या आपल्यातही. पहिल्या खात्यातली क्षमा दुसऱ्या खात्यात जमा करून चालणार नाही.

कारण औषधाची किंमत काही आकाशातून पडत नाही. माणसे ती ठरवतात आणि माणसेच ती बदलतात. २०२१ चा उन्हाळा आठवा. कोविडनंतरच्या काळ्या बुरशीने विदर्भात हाहाकार उडवला होता. तो आजार वेगळा, म्युकरमायकोसिस, पण त्यावर लागणारे ॲम्फोटेरिसिन-बी रक्तातल्या कँडिडावरही वापरतात. लोक एकेका इंजेक्शनसाठी या दुकानातून त्या दुकानात फिरत होते. त्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या वर्ध्यात, जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत, त्याचे उत्पादन सुरू झाले. सात हजारांना मिळणारे इंजेक्शन बाराशे रुपयांत देणार असे तेव्हा जाहीर झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. तिरुमलाचार यांच्या गटाने हमायसिन नावाचे बुरशीवरचे औषध शोधून काढले होते. काल 'असाधारण' असलेला उपाय आज 'साधारण' होऊ शकतो, तो माणसांनी केला म्हणजे. तो करणे हे न्यायाचे काम आहे, त्याला दानधर्म म्हणू नये.

आपल्यापुरते काय करता येईल? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण कागदपत्रे आजारपणाआधी तयार हवीत. रुग्ण आयसीयूत असताना रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त करायला धावपळ करणारे लोक मी पाहिले आहेत. साध्या सर्दी-तापावर औषधाच्या दुकानातून स्वतःच अँटिबायोटिक आणून दोन दिवस खाणे आणि मग सोडून देणे, ही सवय सोडा. डॉक्टरांकडे 'जरा कडक औषध द्या' असा आग्रहही धरू नका. भेटीच्या वेळी आयसीयूत जाताना हात धुवा. देवघरातला रोजरी घातलेला हातही त्याला अपवाद नाही.

आता थांबवणे आणि मारणे यांतला फरक. मरण यावे या हेतूने काही देणे किंवा रुग्णाला लागणारी साधी शुश्रूषा काढून घेणे, हे कधीही करता येत नाही. ज्याचा उपयोग उरला नाही असा उपाय थांबवून मरणाला त्याच्या वाटेने येऊ देणे, हे वेगळे. बुरशीचे इंजेक्शन थांबले तरी वेदनेवरचे औषध थांबत नाही, अंग पुसणे थांबत नाही, कूस बदलणे थांबत नाही, आणि शरीर घेऊ शकते तोवर अन्नपाणीही थांबत नाही. घरी आणलेल्या आजाऱ्याला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवून नुसती वाट पाहत बसणे म्हणजे उपचार थांबवणे नव्हे, ते टाकून देणे झाले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या नर्सनी १९७३ पासून २०१५ पर्यंत आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची बेचाळीस वर्षे सेवा केली. तिथे बरे होण्याची आशा नव्हती, तरी सेवा होती.

त्याच अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातून मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर पहिला मोठा निर्णय दिला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने, आपण शुद्धीवर असतानाच निरर्थक उपचार नकोत असे लिहून ठेवण्याला मान्यता मिळाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असे पत्र करता येते. ख्रिस्ती माणसाने असे पत्र करण्यास हरकत नाही, फक्त त्यात मरण मागू नये. पत्र करा किंवा न करा, पण घरात बोला. आईला काय वाटते हे तिच्या तोंडून एकदा ऐकले असेल, तर चार भावांचे आयसीयूच्या दारात भांडण होत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे शेवटचे दिवस आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले होते. मार्च २००५ अखेर मूत्रमार्गाच्या संसर्गातून जंतू रक्तात पसरले. जेमेल्ली रुग्णालय रोममध्येच होते, पूर्वी ते अनेकदा तिथे गेले होते. या वेळी ते गेले नाहीत. आपल्या खोलीतच राहिले, डॉक्टर जवळ होते, औषधे चालू होती, आणि २ एप्रिलच्या रात्री त्यांनी देह ठेवला. जीवनाच्या पावित्र्यावर त्यांच्याइतके निक्षून बोलणारा माणूस विरळाच, म्हणून हे आठवले.

निर्णयाची वेळ आली तर डॉक्टरांना घाबरू नका, सरळ विचारा. बुरशी बरी झाली तर माणूस बरा होईल का, की दुसरे काही त्याला नेणारच आहे? नळी बदलली का? औषध कोणते, त्याहून स्वस्त आणि तितकेच लागू पडणारे आहे का? आणखी किती दिवसांनी फरक कळेल? कधी कधी 'पाच दिवस देऊन पाहू, मग पुन्हा बसू' हाच सर्वात शहाणा निर्णय असतो. तसे ठरवून पाच दिवसांनी थांबणे हे मुळीच सुरू न करण्याहून अधिक पापाचे नाही, तेव्हा 'एकदा सुरू केले की थांबवता येत नाही' या भीतीने उपचार नाकारू नका.

आणि मला कळवा. रुग्णांचा तैलाभ्यंग शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवण्याची आपली जुनी सवय आहे. रुग्ण बेशुद्ध होण्याआधी, शक्य तर मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधीच तो घ्यावा, म्हणजे त्याला स्वतः 'आमेन' म्हणता येईल. आयसीयूत कपाळाला आणि हातांना तेल लावायला परवानगी लागते, ती मिळते, पाच मिनिटे पुरतात. मी हात धुऊन येतो. नागपूरला असाल तर तिथल्या धर्मगुरूंना मी फोन करीन. रात्रीचाही फोन चालेल.

तुमचा,
फादर